न वाजणाऱ्या तीनशे चाळीस रेकॉर्डी

प्रिय ताई,

मी ६३ वर्षांची, पुण्यात राहते. यजमान ६८ चे. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली. माणूस सालस, व्यसन कसलं नाही. म्हणजे नव्हतं. निवृत्तीनंतर दर रविवारी जुन्या बाजारात जायला लागले आणि पिशवीतून जुन्या रेकॉर्डी घरी यायला लागल्या. परवा मोजल्या, ३४० भरल्या. महिन्याला पेन्शनमधले तीन-चार हजार त्यात जातात. कपाटाचा खालचा मोठा खण माझ्या साड्यांचा होता, तो गेला.

गंमत अशी की त्यांनी आजवर एकही रेकॉर्ड लावलेली नाही. मुलाने गेल्या वर्षी बॅगेसारखा दिसणारा प्लेअर आणून दिला, त्याचा खोकासुद्धा उघडला नाही, माळ्यावर टाकला. विचारलं तर म्हणाले, "या लावायच्या नाहीत." रात्री जेवणं झाली की एकेक काढतात, फडक्याने पुसतात, दिव्याखाली तिरपी धरून बघतात आणि परत ठेवतात. सून हसते. सगळी गाणी फोनवर फुकट आहेत. लहानपणी हे मिरजेला वाड्यात राहायचे. वर मालकांकडे फोनो होता, पोरांना वर जायची बंदी, म्हणून हे जिन्यात बसून ऐकायचे, एवढं मला माहीत आहे. पण त्याला आता साठ वर्षं होत आली.

दिवाळीची झाडझूड करताना माझ्या हातून एक पडली. काळी, जड, लाल लेबलाची. काचेसारखे चार तुकडे झाले. हे काही बोलले नाहीत. तुकडे गोळा केले, कव्हरात घातले आणि कव्हर होतं त्या जागी परत ठेवलं. फुटकी रेकॉर्ड कुणी ठेवतं का? हे वेड आहे का? डॉक्टरांना दाखवू का?

– खण गमावलेली

*

अहो, डॉक्टरांचं आधी उरकून टाकू.

साठवण्याचा आजार असतो आणि तो खरा असतो. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, रिकाम्या बाटल्या, तुटक्या छत्र्या. पलंगावर झोपायला जागा नाही, ओट्यापाशी पोचता येत नाही, आणि त्यातलं एक झाकण टाकू म्हटलं तरी माणसाच्या जिवाची तगमग होते. तसं काही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला अजिबात लाजू नये. तुमच्याकडे एक खण गेलाय. शिवाय ढीग करणारा माणूस ढिगातलं एकेक काढून पुसत बसत नाही. खात्री हवी असेल तर एक करा. भाजी निवडता निवडता सहज विचारा, "हिराबाई बडोदेकरांची एखादी आहे का हो आपल्याकडे?" उठून बरोब्बर त्या जागी हात घातला, किंवा नुसतं बसल्याजागी "नाही, अजून मिळाली नाही" असं सांगितलं, तर डॉक्टरांचे पैसे वाचले. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो संग्राहक.

वाजवत नाहीत तर आणतात कशाला, हा तुमचा दुसरा प्रश्न. तो तुमच्या एकटीच्या घरातला नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली बीबीसीसाठी आयसीएम या संस्थेने लोकांना विचारलं होतं. महिन्याभरात रेकॉर्ड विकत घेतलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांनी ती अजून लावलीच नव्हती. घेणाऱ्यांतल्या ७ टक्क्यांकडे तर लावायला यंत्रच नव्हतं. अमेरिकेत ल्युमिनेट नावाची कंपनी गाण्यांच्या विक्रीचा हिशोब ठेवते, तिच्या २०२३ च्या अहवालात असं आलं की तिथे वर्षभरात रेकॉर्ड घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच प्लेअर आहे. आणि हे घेणारे मूठभर म्हातारे नव्हेत. २०२२ साली त्या देशात सीडींपेक्षा रेकॉर्डी जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा. टेलर स्विफ्ट या तिथल्या गायिकेने त्याच वर्षी एक अल्बम चार वेगवेगळ्या कव्हरांत काढला. चारही घेऊन त्यांच्या पाठी एकमेकींना जोडल्या की घड्याळाची तबकडी तयार होते. गाणी चारहींत तीच. मुलींनी चार-चार घेतल्या. सूनबाई हसतात ना, त्यांना हे सांगा.

त्या मुलींचं कारण मला समजतं. फोनवर गाणं ऐकलं की हातात काही उरत नाही. महिन्याचे पैसे भरायचे थांबवले की गाणी गेली. मग आपलं प्रेम दाखवायचं कशावर? भिंतीवर लावता येईल, मैत्रिणीला दाखवता येईल असं काहीतरी लागतं, आणि बारा इंची चौकोनी कव्हर त्याला झकास. आवाज फोन देतो, रेकॉर्डीने नुसतं असायचं. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसासारखं. आता निवृत्त झालं म्हणून कुणी घराबाहेर काढत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण तुमच्या यजमानांचं कारण याहून जुनं असावं. मिरजेचं वाक्य तुम्ही "एवढं मला माहीत आहे" म्हणून घाईघाईत संपवलंत आणि साड्यांकडे वळलात. मी मात्र त्या जिन्यातच अडकले.

मिरज म्हणजे काय गाव आहे, तुम्ही लग्न होऊन त्या घरात गेलात, तुम्हाला ठाऊक असेलच. तिथल्या गल्लीत भोपळे वाळत घातलेले असतात आणि त्यांचे तंबोरे होतात. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले, १९३७ साली गेल्यावर तिथल्या दर्ग्यातच विसावले, आणि अजून त्यांच्या नावाने तिथे गाणं होतं. अशा गावात, खालच्या खोलीतल्या भाडेकरूचा मुलगा जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर बसलाय. वर सुई टेकल्याची खरखर. मग गाणं. तीन-सव्वातीन मिनिटांत बाजू संपते, वर कुणीतरी उठतं, रेकॉर्ड उलटी करतं. पोराला हे सगळं ऐकू येतं. दिसत काहीच नाही. वरच्या खोलीत एक काळी गोल वस्तू आहे, तिच्यावर काहीतरी छापलंय, कुणीतरी ती दोन तळव्यांच्या मध्ये कडेने धरतं, हे त्याने फार तर दाराच्या फटीतून पाहिलं असेल. आणि चुकून वर गेलाच असेल, तर पहिलं वाक्य कानावर पडलं असेल, "हात लावू नकोस."

आता सांगा, या माणसाला काय मिळायचं राहिलं होतं? गाणं? ते त्याला साठ वर्षांपूर्वीच मिळालं, फुकट, जिन्यात. गाणं त्यांना पाठ आहे. राहिली होती ती वस्तू. तुम्ही म्हणता पुसतात, तिरपी धरून बघतात, आणि लावत नाहीत. मला वाटतं, ते अगदी नेमकं राहिलेलं काम करताहेत.

माझा अंदाज चुकूही शकतो. तुम्ही त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं काढलीत, मी एक पत्र वाचलंय. पण पुढच्या वेळी ते दिव्याखाली बसले की टीव्ही बंद करून जरा शेजारी बसा. बघण्यासारखं काय काय असतं ते बघा.

काळ्या, जड असतात त्या ७८ फेऱ्यांच्या. मिनिटाला ७८ वेळा फिरणाऱ्या. त्या प्लॅस्टिकच्या नव्हेत. लाख, दगडाची पूड आणि काजळी. आपल्या लाखेच्या बांगड्या ज्या किड्याच्या कृपेने होतात, तोच किडा, पळसा-बोरा-कुसुमाच्या फांद्यांवर बसणारा. म्हणून ती तुमच्या हातून पडली तेव्हा काचेसारखी फुटली. पडली की फुटायची हाच तिचा धर्म, तुमचा हात निमित्त. तिच्या पोटावर लेबल असतं. कुत्रा कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला, म्हणून आपल्याकडे तिला सरळ कुत्रा छाप म्हणायचे. लेबलावरची नावं वाचत गेलात तर तो काळच पुढे उभा राहतो. कुणी 'मिस', कुणी 'मास्टर', कुणी 'प्रोफेसर'. 'रानारानात गेली बाई शीळ' गाणाऱ्या जी. एन. जोशींच्या नावापुढे बी.ए., एलएल.बी. छापलेलं असायचं. गाणाऱ्याची पदवी! म्हणजे गाणारा माणूस बऱ्या घरचा, शिकलेला आहे, रेकॉर्ड खुशाल घरात आणा, असं कंपनी लेबलावरून आईबापांना बजावत होती. हे फोनवर ऐकताना कळेल का?

मग कव्हर. खाकी कागदाचं, मध्ये गोल भोक, आणि कोपऱ्यात दुकानाचा जांभळा शिक्का. बेळगाव, हुबळी, सोलापूर, कुठलंही. नंतरच्या, प्लॅस्टिकच्या आणि जास्त वेळ वाजणाऱ्या त्या एलपी. एलपीच्या कव्हरावर बॉलपेनने लिहिलेलं असतं, 'चि. सौ. कां. अमुक हिला लग्नानिमित्त', खाली तारीख. ती अमुक आता कुठे असेल, तिच्या घरून ही जुन्या बाजारात कशी आली, कुणी रद्दीबरोबर काढली, असं मनात येतंच. ते तिरपी धरून बघतात तेही उगाच नाही. चाप्टर माणसं तसंच बघतात. फार वाजलेल्या रेकॉर्डीच्या रेषा उजेडात राखाडी दिसतात, कमी वाजलेली काळी कुळकुळीत चकाकते. लेबलाशेजारी बारीक आकडे कोरलेले असतात, त्यावरून ती कधी, कुठल्या मुद्रणातून निघाली ते जाणकारांना कळतं. तुमचे यजमान रात्री वाचत बसतात, असं समजा.

आणि कधीकधी तर रेकॉर्ड स्वतःच बोलते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं उतरवून घेतलं, तेव्हा शेवटी तिने इंग्रजीत आपलं नाव पुकारलं. रेकॉर्डी छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळायला नको? त्यांनी लेबलावर नाव घालावं म्हणून ती पुकार. कामापुरती केलेली सोय, आणि आज तेवढे दोन सेकंद ऐकायला लोक जिवाचा कान करतात.

माझं एक सांगते. आमच्या घरी वडिलांची एक ७८ ची रेकॉर्ड होती, तिला कडेपासून आत बोटभर तडा गेलेला. दर फेरीला 'टक्' व्हायचं. मिनिटाला ७८ टक्. आम्ही भावंडं ते गाणं टक्सकट शिकलो. अजूनही मी ते गुणगुणले की जीभ टाळूला लागते आणि आपोआप टक् येतो. मध्यंतरी भाचीने ते गाणं मला फोनवर लावून दिलं. स्वच्छ, झाडूनपुसून केलेलं. मला करमेना. कुणी परक्याचं गाणं लावलंय असं वाटलं. ती तडा गेलेली रेकॉर्ड आज नागपूरला धाकट्या भावाकडे आहे, भिंतीवर खिळ्याला. त्याच्याकडेही प्लेअर नाही. तिथे गेले की मी तिच्यावरून बोट फिरवते, तड्यापाशी नख अडतं, झालं. एका गाण्याच्या हजारो प्रती निघाल्या तरी प्रत्येक प्रतीला तिच्या तिच्या घरचे ओरखडे पडतात, आणि आपल्याला हव्या असतात त्या आपल्या घरच्या.

आता तो माळ्यावरचा प्लेअर. मुलाने प्रेमाने आणला, त्याला बोल लावू नका. पण यजमानांनी खोका उघडला नाही यात हेकटपणापेक्षा शहाणपण जास्त असेल. स्वस्तातल्या बॅग-प्लेअरची सुई बऱ्याचदा जड बसते. एलपीच्या रेषा नाजूक, त्या झिजतात. आणि ७८ च्या रेषा एलपीच्या साधारण तिप्पट रुंद. त्यांना सुईच वेगळी लागते. एलपीची सुई तिथे घातली तर ती नाल्यात पडलेल्या सायकलीसारखी तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. नीट वाजवायचं तर चांगला टर्नटेबल, दोन सुया, आवाज मोठा करणारी डबी, स्पीकर, आणि मग हे सगळं ठेवायला तुमचा दुसरा खण. "या लावायच्या नाहीत" हे वाक्य तुमच्या बाजूचं आहे, हे तुमच्या लक्षात आलं का?

शिवाय प्रत्येक वेळी लावली की ती थोडी खर्च होते. जुन्या फोनोची पोलादी सुई दर बाजूला बदलायची, त्याच्या चपट्या डब्या मिळायच्या, कुत्र्याच्याच चित्राच्या. दगडाची पूड मिसळायची ती सुईने झिजून रेषेच्या आकाराची व्हावी म्हणूनच. म्हणजे वाजणं हा दोघींच्या झिजण्याचा सौदा. हे जाणणारा माणूस तीनशे चाळीसमधली कुठली लावू आणि कुठली नको, हे ठरवताना थबकला तर नवल नाही. तुमच्या आईची पैठणी असेल घरात, तर तुम्ही ती शेवटची कधी नेसलात? मला उत्तर नको. खण कुणाचा मोठा, त्यावरून वाद घालताना तेवढं लक्षात असू द्या.

वाजवणाऱ्याची खात्री नसताना जपून ठेवलेली सगळ्यात प्रसिद्ध रेकॉर्ड तर पृथ्वीवर नाहीच. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची रेकॉर्ड आहे. सोबत सुई दिली आहे, कशी वाजवायची त्याच्या आकृती कव्हरावर कोरल्या आहेत. यंत्र दिलेलं नाही. ते जो कुणी सापडवेल त्याने बनवायचं. त्या रेकॉर्डीवर जर्मन संगीतकार बाखच्या जोडीने आपल्या गोव्याच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर आहेत, भैरवीत, साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर-१ त्या वर्षी ५ सप्टेंबरला सुटलं, आणि केसरबाई त्यानंतर अकरा दिवसांनी गेल्या. ती रेकॉर्ड अजून चाललीच आहे. 'वाजवायचं नाही तर पाठवली कशाला' असं त्या शास्त्रज्ञांच्या बायकांनीही विचारलं असेल, कोण जाणे.

"सगळी गाणी फोनवर फुकट आहेत" हे मात्र अर्धंच खरं. फोनवर ती आली कुठून? कंपन्यांनी सगळं काही जपून ठेवलं असं नाही. जुन्या काळची कितीतरी गाणी आज यूट्यूबवर ऐकू येतात ती कुणाच्या तरी कपाटाच्या खालच्या खणातून आलेली आहेत. कुणाच्या तरी बायकोने तो खण सोडला होता म्हणून. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संग्राहकांची मंडळी आहेत. सुरेश चांदवणकरांसारख्या लोकांनी ती चालवली, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं त्यांचं पत्र निघायचं, त्यात कुणाकडे काय आहे आणि कुठलं गाणं कधी मुद्रित झालं याच्या याद्या छापून यायच्या. असले लोक एकमेकांच्या घरी जाऊन एकमेकांच्या रेकॉर्डी ऐकतात. यजमानांना कधी एखादी ऐकाविशी वाटलीच, तर अशा कुणाकडे पिशवी घेऊन जाता येईल. तुमच्या घरी यंत्र यायची गरज नाही.

पैशांचं बोलू. तीन-चार हजार लहान रक्कम नाही. पण "रेकॉर्डीवर उधळता" असं म्हणून तो विषय काढलात तर उत्तर येणार नाही, पिशवी मात्र यापुढे जिन्याखाली लपवली जाईल. एक तारखेला दोघं बसून आकडा ठरवा, पाकिटात घाला, संपलं की महिना संपला. बिल्डिंगच्या मेंटेनन्सइतकंच कोरडेपणाने. आणि कुणी तुम्हाला सांगितलं की ही गुंतवणूक आहे, म्हातारपणी लाखांनी विकल्या जातील, तर कानामागे टाका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सिनेमाच्या एलपी ढिगांनी छापल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेकींना विकताना चहापाण्याचे पैसे येतील. अपवाद आहेत. विलायतेत ७८ च्या रेकॉर्डी बंद पडल्यावरही आपल्याकडे बीटल्सची गाणी ७८ वर छापली जात होती, त्या आता परदेशी शौकीन शोधत फिरतात. आर. डी. बर्मनच्या काही एलपींनाही बाहेर गिऱ्हाईक आहे. पण तसलं काही तुमच्या खणात असलंच, तरी ज्या माणसाने चार तुकडे जपून ठेवले तो चांगली विकेल, ही आशा सोडा.

जागेचं माझ्याकडे थोडं कडक मत आहे. एलपी कव्हरासकट पाव किलोच्या आसपास भरते. ३४० म्हणजे ८०-८५ किलो. एक धट्टाकट्टा माणूस तुमच्या खणात बसलाय. प्लायवूडचा तळ एक दिवस बसेल खाली. तेव्हा खण परत मागा, हक्काने मागा, आणि हॉलमध्ये त्यांना भिंतीला धरून एक बुटकं, मजबूत, उभ्या कप्प्यांचं कपाट सुताराकडून करून द्या. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, पुस्तकांसारख्या. आडव्या थप्पीत खालच्या ७८ च्या तडकतात. उन्हाच्या भिंतीला नको, एलपीचा पापड होतो. पावसाळ्यात बुरशी बघायची. आणि एक अगदी लक्षात ठेवा. ७८ च्या रेकॉर्डीला स्पिरिट कधीही लावू नका. सुतार लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो ना, तीच लाख ही. पुसता पुसता गाणंच पुसलं जायचं. कोरडं मऊ फडकं पुरे, तेवढं ते करतातच.

एक मोठी वही आणा. लांब पानांची, हिशोबाची. रोज दहा. तुम्ही लिहायचं, त्यांनी सांगायचं. गायक, गाणं, लेबल, नंबर, कुठे मिळाली, किती रुपयांना. किंमत तुम्हीच लिहिणार असल्यामुळे पुढच्या रविवारी भाव करताना हात जरा आखडेल, हा माझा चोरटा हेतू. उघड कारण असं की आपण दोघं गेल्यावर हे काय आहे ते मुलाला कळलं पाहिजे, नाहीतर ही सगळी पुन्हा जुन्या बाजारातच जातील, कुणीतरी म्हणेल "रद्दीवाल्याला दिल्या". चौतीस दिवसांचं काम आहे. यादी नीट झाली तर पुढेमागे एखाद्या संग्रहालयाला किंवा संग्राहकांच्या मंडळींना नुसती ती वही दाखवून विचारता येईल, यातलं तुम्हाला काय हवंय. पेट्या वाहून नेऊन विचारण्यापेक्षा ते बरं.

आणि एखाद्या रविवारी बरोबर जा. दुपार नको, सकाळी लवकर, डोक्याला टोपी, जवळ पाणी. जुन्या बाजारात गंजलेले पाने, घड्याळं, पितळी कुलपं यांच्या मध्ये कुठेतरी रेकॉर्डी खोक्यात उभ्या असतात. ते उकिडवे बसतील आणि एकेक पुढे ढकलत जातील. तुम्ही काही विकत घ्यायचं नाही, घाईही करायची नाही. तेवढं विचारा, "जिन्यात बसून ऐकलेलं कुठलं मिळालं का हो?" चाळीस वर्षांत तुम्ही हे विचारलेलं नाही असं पत्रावरून वाटतं. विचारलं असेल तर माफ करा.

शेवटी ती फुटलेली. तिची जोडी शोधून देऊ नका. मुलगा लगेच म्हणेल, "ऑनलाइन मिळते, मागवतो." नको. माफीही तुम्ही मनातल्या मनात पुष्कळ मागून झालीय, म्हणूनच ते पत्राच्या शेवटी लिहिलंत, खणाच्या आणि पैशांच्या नंतर. यजमान रागावले असते तर बोलले असते. वस्तू फुटली तरी ती त्यांच्या हिशोबातून वजा झालेली नाही, नाहीतर कव्हर जागेवर गेलं नसतं. आज रात्री त्यांनी खण उघडला की सांगा, "ते तुकडे मला बघू द्या." पेपर पसरून घ्या, कडा धारदार असतात. चारही जोडले की मधलं लेबल पूर्ण होईल. यादीत तिला पहिला नंबर द्यायचा की फुटलेली म्हणून शेवटचा, ते त्यांना ठरवू दे.

आणि लेबलावर काय आहे ते वाचून मला कळवा. तुम्ही नुसतं 'लाल' लिहिलंय.